दोन तासांचा परीक्षक

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक तरुण रविवारच्या दुसऱ्या मिस्सानंतर धर्मगुरुनिवासात आला आणि स्वत: रचलेला एक संगणक-खेळ आमच्या हवाली करून गेला. हौशी खेळकर्त्यांच्या एका स्पर्धेसाठी त्याने तो तयार केला होता. त्यात चित्रे नव्हती, आवाज नव्हता, पळापळ आणि गोळीबार तर नव्हताच. पडद्यावर मराठी मजकूर येई, त्याच्या तळाशी दोन-तीन पर्याय असत, आणि त्यांपैकी एक निवडला की कथा पुढे सरके. आजीच्या वाडीतील जुनी विहीर, तिच्यात कधीकाळी पडलेली चांदीची जपमाळ आणि सुट्टीत गावी आलेला नातू, असा त्याचा विषय. पुढल्या रविवारी त्याने विचारले, "फादर, कसा वाटला?" आम्ही म्हणालो, "छान आहे बाळा, खूपच छान." त्यावर त्याने शांतपणे दुसरा प्रश्न केला, "कुठवर पोहोचलात?"

खरे सांगायचे तर आम्ही आजीच्या ओटीवरून अंगणातसुद्धा उतरलो नव्हतो. ते त्याच्या ध्यानात आले असावे. "असू दे, फादर," एवढेच म्हणून तो गेला.

ते 'असू दे' आमच्या मनातून जाईना. सेमिनरीत असताना आमची सरावप्रवचने होत. वर्गबंधूंपुढे उभे राहून दहा मिनिटे बोलायचे आणि मग वीस मिनिटे त्यांची टीका मुकाट्याने ऐकायची. त्या टीकेने कित्येक रात्री आमची झोप उडाली असेल. परंतु आमचे बोलणे कोणी ऐकलेच नाही, असे एकदाही वाटले नाही. या मुलाला आम्ही जे दिले ते त्याहून वाईट होते. मग आम्ही शोध घेऊ लागलो, की असले छोटे खेळ रचणारे हौशी लोक एकमेकांच्या कृतींविषयी बोलतात तरी कसे. शोधता शोधता तीस वर्षांची एक परंपराच हाती लागली. तिच्यातील काही खेळ आम्ही खेळलो, काहींवरील टीका वाचली. त्या वाचनाचे आणि खेळण्याचे हे फळ वाचकांपुढे ठेवीत आहोत. फादर या वयात खेळ खेळत बसले, असे कोणी म्हणेल. बसलो खरे, काही रात्री तर जागलोही.

या शब्दखेळांचा उगम मोठा हृद्य आहे. अमेरिकेतील विल क्राउदर हे संगणकतज्ज्ञ हौशी गुहाशोधक होते. केंटकीतील मॅमथ केव्ह या प्रचंड गुहेचा अनुभव पाठीशी घेऊन त्यांनी १९७६ च्या सुमारास एक खेळ लिहिला. त्यांचा विवाह नुकताच मोडला होता आणि दुरावलेल्या मुलींना आपल्यासोबत खेळता यावे, हा त्यामागचा एक हेतू होता. १९७७ मध्ये डॉन वुड्स यांनी त्यात भर घातली. खेळणाऱ्याने 'उत्तरेकडे जा', 'दिवा घे' अशा आज्ञा टंकायच्या आणि यंत्राने शब्दांतच उत्तर द्यायचे, ही रीत तिथून रूढ झाली. १९७९ साली स्थापन झालेल्या इन्फोकॉम या कंपनीने अशा खेळांचा मोठा धंदा केला. पण चित्रांचे युग आले आणि १९८९ मध्ये ती कंपनी बंद पडली. धंदा संपला तेथे हौशी लोक पुढे सरसावले. ग्रॅहॅम नेल्सन या इंग्रज गणितज्ञाने १९९३ साली 'इन्फॉर्म' नावाची रचनाप्रणाली तयार करून लोकांना फुकट दिली. आता कोणीही खेळ लिहू शकत होता. प्रश्न उरला तो वाचणाऱ्यांचा.

१९९५ साली केव्हिन विल्सन यांनी जी स्पर्धा सुरू केली ती याच प्रश्नाचे उत्तर होती. पहिल्या वर्षी बारा खेळ आले. ते दोन रचनाप्रणालींनुसार दोन गटांत विभागले होते. पुढल्या वर्षी गट मोडले आणि खेळांची संख्या दुपटीच्याही पुढे गेली. ही स्पर्धा आजतागायत दरवर्षी भरते. तिचे नियम आम्हांला एखाद्या धर्मसंघाच्या नियमावलीसारखे वाटले: थोडके, पण मनुष्यस्वभाव ओळखून केलेले. परीक्षक म्हणजे कोणी नामवंत पाहुणे नव्हेत. कोणीही सामान्य खेळाडू परीक्षक होऊ शकतो. मात्र त्याने निदान पाच खेळांना गुण दिले पाहिजेत. आपल्या मित्राचा एकच खेळ उघडून त्याला दहापैकी दहा देऊन मोकळे होण्याची सोय त्यामुळे राहत नाही. आणि दुसरा नियम असा, की गुण द्यायचे ते पहिल्या दोन तासांच्या खेळण्यावरूनच. दोन तासांत खेळ संपला नाही तरी हरकत नाही, पुढे खुशाल खेळा. पण गुण तिथेच ठरवून टाका.

हा दोन तासांचा नियम प्रथम आम्हांला अन्यायाचा वाटला. वर्षभर राबून कोणी खेळ रचायचा आणि परीक्षकाने घड्याळ लावून बसायचे! विचार केला तेव्हा त्यातील शहाणपण दिसले. लिहिणाऱ्याला तो सांगतो, की दुसऱ्याच्या वेळेवर तुझा अमर्याद हक्क नाही. परीक्षकाला तो सांगतो, की दोन तासांचे तुझे ऋण मात्र आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२४ साली आम्हां धर्मगुरूंना प्रवचन आठ मिनिटांच्या आत आटोपण्याचा सल्ला दिला होता. तो आमच्या किती बंधूंनी पाळला हे श्रद्धावंतच जाणोत. परंतु त्या आठ मिनिटांत ऐकणाऱ्यानेही बाहेर पिंपळाखाली उभे राहू नये, ही त्या व्यवहाराची दुसरी बाजू आहे. आम्ही त्या तरुणाच्या खेळाला दोन तास नव्हे, पाच मिनिटेही दिली नव्हती.

गुण एक ते दहा असतात आणि त्यांच्या सरासरीवर क्रम लागतो. याखेरीज एक गमतीदार मान आहे. ज्या खेळाविषयी परीक्षकांचे मतभेद सर्वाधिक, म्हणजे काहींनी डोक्यावर घेतला आणि काहींनी पायदळी तुडवला, त्याला 'वितंडाचे सुवर्णकेळे' अशा अर्थाची एक पदवी मिळते. आम्हांला ही कल्पना अतिशय आवडली. आमच्या समाजातील कथास्पर्धांची आणि एकांकिकांची गुणपत्रके आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. तेथे कोणाला दोन मिळत नाहीत, कोणाला दहा मिळत नाहीत. सगळे साडेसहा ते साडेसातांच्या दरम्यान गुण्यागोविंदाने नांदतात. परीक्षकाच्या भाषणात 'सर्वच स्पर्धकांचे प्रयत्न कौतुकास्पद होते' हे वाक्य ठरलेले. ज्याचा क्रमांक आला त्याला आपण का जिंकलो हे कळत नाही, ज्याचा नाही आला त्याला आपण का हरलो हे कळत नाही, आणि चहापान होऊन सभा संपते. यांत आमचाही वाटा आहे. अशा किती सभांचे अध्यक्षस्थान आम्ही भूषविले, याचा हिशोब न मांडलेला बरा.

त्या स्पर्धेभोवती टीकालेखनाची एक चालच पडून गेली आहे. स्पर्धेतील शक्य तेवढ्या सगळ्या खेळांवर, मग ते कितीही सामान्य असोत, कोणी ना कोणी सविस्तर लिहितो. पॉल ओब्रायन यांचे उदाहरण सांगण्याजोगे आहे. १९९६ पासून त्यांनी कित्येक वर्षे स्पर्धेतील खेळांवर चिकाटीने परीक्षणे लिहिली. स्वत:चाही एक खेळ त्यांनी तीन भागांत रचला. २००१ मधील पहिल्या भागाला यश आले नाही. दुसरा भाग २००२ साली आणि तिसरा २००४ साली पहिला आला. शेकडो दुसऱ्यांच्या चुका बारकाईने पाहणाऱ्याला आपल्या चुका दिसू लागल्या असतील, असे आम्ही समजतो. दुसरी एक शिस्त अशी, की बरीच वर्षे मतदान चालू असताना खेळांच्या कर्त्यांनी त्यांविषयी जाहीरपणे बोलायचे नसे. आपल्या कृतीची चिरफाड उघड्यावर चालली असताना तोंड मिटून बसायचे! आमच्या सरावप्रवचनांची आठवण झाली ती यामुळेच.

या परीक्षणांतून पुन:पुन्हा येणाऱ्या तक्रारी वाचताना हसू येते आणि थोडे लाजायलाही होते. पहिली तक्रार शुद्धलेखनाची. खेळ सगळा शब्दांचाच. त्यात शब्दच चुकीचे असतील तर भिंतीलाच पोपडे आले म्हणायचे. दुसरी, खेळ स्पर्धेत धाडण्यापूर्वी कोणा दोघा-तिघांकडून खेळवून घेतला नाही, ही. जाणकार परीक्षक आभाराच्या यादीत चाचणी घेणाऱ्यांची नावे आहेत की नाहीत ते आधी पाहतो. नसतील तर पुढे काय वाढून ठेवले आहे याची त्याला कल्पना येते. तिसरी तक्रार 'क्रियापद ओळखा' या नावाने प्रसिद्ध आहे. खेळणाऱ्याला काय करायचे ते ठाऊक असते, पण यंत्राला कळेल असा नेमका शब्द सापडत नाही. 'दोर बांध' म्हटले तर कळत नाही, 'दोर अडकव' म्हटले तरच कळते. हे इंग्रजीत. मराठीत तर विहीर, विहिरीत, विहिरीवरून, विहिरीपाशी अशी एकेका नामाची रूपे. शिवाय यंत्राला 'उघड' म्हणावे की 'उघडा' हा आदरार्थाचा पेच निराळाच. आमच्या तरुणाने आज्ञा टंकण्याऐवजी पर्याय निवडण्याची रीत का घेतली, हे आम्हांला तेव्हा उमगले. ख्रिस क्लिमास यांनी २००९ साली 'ट्वाइन' हे साधन लोकांना दिल्यापासून ही दुसरी रीतही खूप फोफावली आहे.

पहिल्या वर्षीच्या दोन विजेत्या खेळांपैकी मॅग्नस ओल्सन यांचा 'अंकल झेब्युलन्स विल' हा गमत्या, विक्षिप्त काकांच्या वारशाचा खेळ. काकांच्या घरातून एकच वस्तू नेण्याची मुभा आहे, ही त्यातील कळ. तो खेळ आम्ही आनंदाने खेळलो आणि बाजूला ठेवला. दुसरा खेळ, अँड्र्यू प्लॉटकिन यांचा 'अ चेंज इन द वेदर', मात्र आम्हांला बरेच दिवस पुरला. सहलीला आलेला एकजण मित्रांच्या कोलाहलापासून दूर जातो. टेकडी, ओढा, पूल, एक कोल्हा. मग ऊन जाते, आभाळ भरते, रात्र पडते आणि पाऊस कोसळू लागतो. जागा इवलीशी आहे, पण तीच जागा उन्हात, संधिप्रकाशात आणि वादळात निरनिराळी होत जाते. हे वर्णन इतके नेटके, इतके निर्मम आहे, की आषाढात नाल्याचे पाणी वाढताना पाहणाऱ्या कोणालाही ते पटावे. पण खेळ म्हणून तो निर्दय आहे. दुपारी एखादी लहानशी गोष्ट करायची राहून गेली, तर रात्री पूल वाचत नाही. आणि ती राहून गेली हे खेळ आपल्याला सांगत नाही. आपण अंधारात, पावसात, हरलेला डाव तासभर खेळत राहतो.

येथे त्या मंडळींच्या टीकेचा खरा कस दिसतो. नुसते 'कठीण आहे' म्हणून ती थांबली नाहीत. ग्रॅहॅम नेल्सन यांनी त्याच सुमारास खेळणाऱ्याच्या हक्कांची एक सनदच मांडली होती: पूर्वसूचना न देता त्याला मारू नये, मागच्या जन्मीचे ज्ञान असल्याशिवाय सुटणार नाही असे कोडे घालू नये, इत्यादी. आणि १९९६ मध्ये खुद्द प्लॉटकिन यांनीच खेळांच्या क्रूरतेच्या पाच पायऱ्या सांगितल्या. म्हणजे अपराध्यानेच दंडसंहिता लिहिली! त्या पायऱ्या आमच्या शब्दांत अशा: दयाळू खेळात न सुधारता येणारी चूक होतच नाही. सौजन्यशील खेळात चूक होते, पण झाल्याबरोबर कळते. कठोर खेळात, आपण आता परत न फिरण्याजोगे काही करीत आहोत, हे करण्यापूर्वी उमगते. खवचट खेळात ते केल्यानंतर लगेच उमगते. क्रूर खेळात मात्र फार उशिरा.

ही वर्गवारी वाचताना आम्ही चपापलो. सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला आम्ही घोकले होते, की पाप प्राणघातक ठरायला तीन गोष्टी लागतात: विषय गंभीर हवा, त्याचे पूर्ण ज्ञान हवे, आणि संमती स्वेच्छेची हवी. ज्ञानच नसेल तर दोष त्या प्रमाणात उणावतो. संगणकावर कोडी रचणारा एक तरुण, धर्मशास्त्राचे नावही न घेता, नेमके हेच विचारीत होता: ज्याला ठाऊक नाही त्याला तू शिक्षा देतोस काय? त्याने क्रूर खेळांना बंदी केली नाही, हेही लक्षात घ्यावे. खेळ कोणत्या पायरीवर आहे हे आधी सांगा, इतकेच. टीकाकाराने प्रथम मापाची पट्टी तयार करावी आणि ती सर्वांना दिसेल अशी ठेवावी, हे आम्ही त्याच्याकडून शिकलो. आमच्याकडे पट्टी परीक्षकाच्या खिशात राहते.

१९९८ सालचा विजेता 'फोटोपिया' हा अॅडम केड्र यांचा खेळ. तो त्यांनी टोपणनावाने धाडला होता. ज्यांना तो अजून खेळायचा आहे त्यांनी पुढील दोन परिच्छेद गाळावेत. कारण कथा उघड केल्याशिवाय आम्हांला बोलता येत नाही. खेळ तासाभरात संपतो. तुकड्या-तुकड्यांनी येतो, काही तुकड्यांना एकेक रंग दिलेला. एकदा आपण तांबड्या ग्रहावर अंतराळवीर असतो, एकदा अंगणात मुलीला आकाशातील ताऱ्यांविषयी सांगणारा बाप. हळूहळू कळते, की त्या अद्भुत गोष्टी अॅली नावाची एक हुशार मुलगी, ती जिला सांभाळायला जाते त्या लहान पोरीला सांगत असते. आणि एका तुकड्यात आपण त्या पोरीचे वडील असतो. रात्री अॅलीला मोटारीने घरी सोडायला निघालेलो असतो. दिवा हिरवा असतो. समोरून दारू प्यालेली तरुण पोरे लाल दिवा तोडून येतात.

खेळणारा आज्ञा देतो: गाडी थांबव, सावकाश चालव, वळव. काही होत नाही. खेळात सर्व शक्ती आपल्या हाती आहे असा जो आपला समज, तो येथे मोडतो. या खेळावर तेव्हा मोठी टीका झाली, की हा खेळच नव्हे. खेळणाऱ्याच्या करण्याने काही बदलत नसेल, तर कथाच का लिहिली नाही? आक्षेप खोटा नाही आणि आम्ही तो बराच काळ मनात घोळवला. परंतु महामार्गाशेजारच्या धर्मग्रामात काम करणाऱ्या कोणत्याही धर्मगुरूला विचारा. अपघातात मुलगा गमावलेल्या घरी गेले, की आई प्रथम काय बोलते? त्या सकाळी मी त्याला थांबवले असते तर. पाच मिनिटे उशिरा सोडले असते तर. ती मनातल्या मनात गाडी पुन:पुन्हा थांबवीत असते. ही व्यर्थ आज्ञा देण्याची वेदना छापील कथेला दाखवता येईल. ती वाचकाच्याच बोटांनी टंकून घेणे मात्र याच कलाप्रकाराला साधले. म्हणून तो खेळच आहे, असा आमचा कौल. आणि यांतच एक स्फटिकांचा भूलभुलैया आहे. कितीही वळसे घाला, वाट सापडत नाही. शेवटी अंतराळवीराचा जड पोशाख उतरवला, की आपल्याला पंख आहेत असे कळते. उडून जायचे असते. तेथे आम्ही एकटेच असूनही मोठ्याने हसलो. आमची तक्रार एकच आहे. अॅली फार चांगली आहे. तिला एखादा हट्ट, एखादा राग दिला असता तर तिच्या जाण्याने आम्ही अधिक हललो असतो. मयताच्या प्रवचनांत आमच्याही हातून हाच दोष घडतो.

आता ज्या खेळासाठी हा लेख लिहावासा वाटला त्याकडे वळू. जेसन डेव्हलिन यांचा 'व्हेस्पर्स', म्हणजे सायंप्रार्थना, हा २००५ सालचा विजेता. पंधराव्या शतकातील इटलीमधला एक मठ, बाहेर प्लेगची साथ, आणि आपण स्वत: त्या मठाचे मठाधिपती. साथ भिंतीच्या आत शिरलेली आहे. बंधू मरत आहेत, जे उरले त्यांची मने ढळत आहेत. अशात सेसिलिया नावाची एक मुलगी दाराशी येते. आपण कोणाशी कसे वागतो यावर शेवट अवलंबून असतो आणि शेवट अनेक आहेत.

या प्रकारच्या खेळांत खेळाडूला एक सवय जडलेली असते: दिसेल ते उचलायचे, बंद असेल ते उघडायचे, जमेल ते करून पाहायचे. गुहेत ही सवय निरुपद्रवी असते. मठाधिपतीच्या अंगी ती भिनली की काय होते, हे हा खेळ दाखवतो. दुसऱ्याचे दु:ख हे 'सोडवायचे कोडे' समजून आपण हात चालवू लागतो, आणि मग कळते, की आपला न्याय होत होता. आम्ही पहिल्यांदा खेळलो तेव्हा फार वाईट वागलो. मिस्सा अर्पण करणारा हा हात, आणि पडद्यावर आम्ही काय निवडले ते येथे सांगणार नाही. 'तो तर नुसता खेळ', असे स्वत:ला सांगून पाहिले. फारसे पटले नाही.

तरीही एक परीक्षक म्हणून आमचा या खेळावर आक्षेप आहे. येथे मठ हे भयाचे नेपथ्य झाले आहे. आपण प्रवेश करतो तेव्हाच सर्व मोडकळीला आलेले. हे बंधू एकत्र कसे गात होते, कसे जेवत होते, एकमेकांवर कसे रुसत होते, याचा अनुभव खेळणाऱ्याला मिळत नाही. जे मोडले ते काय होते हे ठाऊक नसेल, तर मोडण्याचे दु:ख अपुरे राहते. इतिहासाचीही एक साक्ष काढावीशी वाटते. १३४८ च्या महामारीत फ्रान्समधील माँत्रिय येथील कार्थुसियन मठात कवी पेत्रार्क यांचा भाऊ घेरार्दो होता. मठातील चौतीस जण एकामागून एक गेले. घेरार्दो पळाला नाही. त्याने प्रत्येकाची शुश्रूषा केली, प्रत्येकाला पुरले, आणि शेवटी एका कुत्र्यासोबत तो मठ राखीत राहिला. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा वांद्र्याच्या गल्ल्यांतून आमच्या पूर्वजांनी क्रूस उभारले. त्यांतील काही आजही उभे आहेत. भीती होतीच, पण भीतीने माणसे क्रूसाभोवती गोळाही झाली होती. 'व्हेस्पर्स'मध्ये घेरार्दोला जागा अपुरी आहे. खेळाचे नाव सायंप्रार्थना आणि सायंप्रार्थनेची शांती तेवढी सापडत नाही. हे आम्ही विजेत्या खेळाविषयी म्हणतो आहोत, आणि तो पुन्हा खेळावा असेही म्हणतो आहोत.

असे बोलण्याचे धैर्य येते कोठून? संत इग्नेशियस यांनी 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथाच्या आरंभीच एक सूचना घालून ठेवली आहे. तिचा आशय असा, की दुसऱ्याच्या बोलण्याचा होईल तितका चांगला अर्थ लावण्यास तत्पर असावे. तो लागत नसेल तर तुला काय म्हणायचे आहे असे त्यालाच विचारावे. आणि तरीही चूक दिसली तर प्रेमाने सुधारावे. सेमिनरीत आम्ही यातील पहिला भाग तेवढा पाठ केला आणि उरलेले दोन सोयीस्करपणे विसरलो. संत थॉमस अक्वायनस तर बंधूची चूक दाखवण्याला प्रीतीचे कृत्य म्हणतात. मग 'छान आहे बाळा' हे कसले कृत्य होते? ते प्रीतीचे नव्हते, घाईचे होते.

असो. आम्ही त्या तरुणाचा खेळ पुन्हा उघडला, घड्याळ समोर ठेवले आणि दोन तास खेळलो. मग तीन पाने लिहिली. आजीची भाषा अस्सल आहे, ती ओसरीवर बसून बोलते तेव्हा कान टवकारतात, हे लिहिले. नातू मात्र पाठ्यपुस्तकातले मराठी बोलतो, त्याला वाडीतले मराठी येत नसेल तर तसे आजीला खटकू दे, हेही लिहिले. एकच शब्द एकदा ऱ्हस्व आणि एकदा दीर्घ कसा झाला ते विचारले. तीन पर्याय देऊन तिन्ही एकाच जागी नेतात ती दोन स्थळे दाखवली: निवड दिल्याचे नुसते सोंग करू नये, 'फोटोपिया'त निवड फसते तेव्हा ते फसणेच कथेचा गाभा असते, येथे तो केवळ आळस आहे. आणि शेवटी विहिरीचे लिहिले. रहाटाचा दोर कुजका आहे हे कोठेही न सांगता नातवाला खाली उतरू देणे आणि तेथे खेळ संपवणे, हे क्रूर आहे. ओटीवर आजी दोराविषयी एखादे वाक्य बोलू दे. खेळणाऱ्याने ते ऐकले नाही तर दोष त्याचा.

तो पाने घेऊन गेला. आठ दिवसांनी आला तो कागदाच्या समासात पेन्सिलीने उत्तरे लिहून. शुद्धलेखन त्याने सुधारले होते, सोंगाचे पर्याय काढून टाकले होते, नातवाचे बोलणे बदलतो म्हणाला. विहिरीबाबत मात्र तो ऐकायला तयार नाही. "फादर, आमच्या वाडीतल्या विहिरीचा दोर कुजलाय हे आजोबांना कोणी सांगितलं नव्हतं," तो म्हणाला. आम्ही काही वेळ गप्प बसलो. मग त्याला म्हटले, तर मग ते आजोबांचे खेळात कुठे आहे? तो अजून त्यावर विचार करीत आहे, आणि आम्हीही.